कान्हेरीच्या पायऱ्यांवर तुटलेलं नाम

रविवार, २३ नोव्हेंबर १९८६

आज सकाळी कान्हेरीच्या पायऱ्यांवर मी नाम तोडलं. कुणाला कळलं नाही. म्हणून इथे लिहितो.

साडेपाचला पार्काच्या फाटकातून आत शिरलो. आम्ही सातजण, सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. आम्हाला नेणारा श्यामकांत पलीकडच्या इमारतीतला, बँकेत आहे, वय पस्तीस. सहा डिसेंबरला, शनिवारी निघून सात डिसेंबरला कळसूबाई चढायची, म्हणून गणपती झाल्यापासून तयारी चालली आहे. रोज गांधी टेकडी, रविवारी कान्हेरी. श्यामकांतचे नियम आता पाठ झालेत. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. पाऊल लहान, टाच पूर्ण टेकलेली. तासाला पाच मिनिटं थांबायचं, पण उभ्यानं, बसलं की पाय जड होतात. तहान लागायच्या आधी घोटभर पाणी. सगळ्यात सावकाश आणि एकसारखं चालणारा माणूस पुढे, आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही.

तो पुढचा माणूस मी. "अनंतराव, तुमची चाल म्हणजे शिवणयंत्र," श्यामकांत म्हणतो.

ती चाल माझी नाही, नामाची आहे. गावी शाळेत जायला घाटी चढावी लागे. वडिलांनी सांगितलं होतं — एका श्वासात 'श्रीराम जय राम जय जय राम', आणि तेवढ्यात सहा पावलं. नाम श्वासात मावलं नाही तर पाय घाई करताहेत असं समजायचं. चाळीस वर्षं तसाच चढतो. हळू पुटपुटतो, आणि मागची मंडळी त्यावर पाऊल टाकतात. माझ्या लगेच मागे आमच्याच चाळीतला गुणाजी.

आज निम्म्या पायऱ्यांवर तिसऱ्या 'जय'ला श्वास संपला. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं झालं, ते जबड्यापर्यंत गेलं. दिवाळीपासून हे होतंय. दोन मिनिटं उभं राहिलं की जातं. पण थांबलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं. वर गुंफांपाशी पोचलो की बघायच्या निमित्तानं टेकता येईल, एवढंच डोक्यात होतं. मी नाम लहान केलं. नुसतं 'राम, राम'. एका पावलाला एक. पाय भराभर पडायला लागले.

वर पोचून खांबाला टेकलो, तेव्हा मागे गुणाजी पायरीवर बसला होता. चेहरा राखेसारखा. घामानं सदरा चिकटलेला. "काय्येक नाय रे, जरा घेरी इली," म्हणाला.

सगळे त्याच्याभोवती. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

श्यामकांत घरी आला. दारातूनच म्हणाला, "गुणाजीकाकांचं जमणार नाही, अनंतराव. अठ्ठावन्न वय. वर कड्यावरच्या लोखंडी शिडीवर असं काही झालं तर सगळ्यांचीच वाट लागेल. त्यांना खाली पायथ्याच्या बारी गावात बसवू या. तुम्ही समजवा, तुमचं ऐकतात."

मी "बघतो" म्हणालो.

बघतो!

मंगळवार, २५ नोव्हेंबर

खरं सांगायचं ठरवून गुणाजीच्या खोलीवर गेलो. तीन दारं सोडून त्याची खोली. गिरणीत अठ्ठावीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस. संप झाला, गिरणी सुटली, तेव्हापासून चार वर्षं घरात एकच ऐकतो — तुम्ही बसा. रेशनला मुलगा जातो, पाणी सून भरते. बाबा, तुम्ही बसा. श्यामकांतनं यादीत नाव घातलं त्या दिवशी चाळभर सांगत फिरला होता.

यादीतून नाव काढल्याचं त्याला आधीच कळलं होतं. मला बसायला पाट दिला, आणि आत जाऊन लोकरीची कानटोपी घेऊन आला.

"वर थंडी असात. तू घे. माका खाली कित्याक व्हयी?"

"गुणाजी, अरे तू उगाच —"

"नाय रे. तुझ्या पाठीक बघून मी चलतंय. तुझा पाऊल कधी चुकता काय? माझाच वय झाला."

सून वनमाला चहा घेऊन आली. म्हणाली, "बरंच झालं काका. बाबांना मी कधीची सांगते, बसा म्हणून."

मी चहा प्यालो. टोपी घेऊन घरी आलो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

गांधी टेकडी. एकटाच गेलो. तेराव्या मिनिटाला आवळलं. थांबलो, गेलं. पुन्हा चढलो, पुन्हा आलं. चालीत दोष नाही, आजची चाल सावकाशच होती. नामही मनातल्या मनात घेतलं, तरी तुटलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पूजेला बसतो, पण नाम घ्यायला तोंड उघडत नाही. कितीतरी वेळा नामात मन लागलं नसेल, भूक आठवली असेल, कारखान्याच्या स्टोअरमधला हिशेब आठवला असेल. त्याची कधी भीती वाटली नाही. पण ह्या वेळी नामाचा आडोसा केला. देवाचं नाव तोंडात आणि मागच्या माणसाला फरफटत नेलं.

मी सांगितलं तर काय होईल? श्यामकांत मला काढेल. माझी बायको मालन घाबरेल. कारखान्यात कळलं तर स्टोअरमधून उठवून कुठेतरी टेबलाशी बसवतील. मग मलाही म्हणतील, तुम्ही बसा.

हे लिहिल्यावर कळलं की मला छातीची नाही, ह्याची भीती आहे.

छातीचीही आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

कान्हेरी. सहाजण. माझ्यामागे गुणाजीच्या जागी आता पोस्टातला बाळा.

त्याच वळणावर त्याच झाडाशी आवळलं. बुटाची नाडी बांधायला वाकलो. शंभर पावलांवर पुन्हा. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा बाळा म्हणाला, "काय अनंतराव, शाळेत गाठ मारायला शिकवली नव्हती वाटतं?" सगळे हसले. मीही हसलो. वाकल्यावर जास्त दुखतं, हे नवीन कळलं.

वर बसून श्यामकांत शिडीबद्दल सांगत होता. शिडीवर थांबायचं नाही, मागची माणसं अधांतरी राहतात, पुढच्यानं एका लयीत वर जायचं. "अनंतराव पुढे आहेत, काळजी नाही." गूळ-शेंगदाणे वाटले. शिडीवर मी, माझ्या टाचांखाली बाळाचं डोकं, त्याच्याखाली चौघे. ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

उतरताना गुडघे दुखले. ते बरं वाटलं. गुडघ्यांचं सगळ्यांना सांगता येतं.

मंगळवार, २ डिसेंबर

कामावरून येताना डॉक्टर कुंदाताईंकडे गेलो. आधी गुडघ्याचंच सांगितलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "अजून काय?"

सगळं सांगितलं. नामाचंही सांगितलं.

त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी बरोबर सांगितलं होतं. चढताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करायचा. आणि वेग कमी करूनही येत नसेल, तर माझ्याकडे यायचं. तुम्ही महिनाभर उशिरा आलात."

जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. कार्डिओग्रामची चिठ्ठी दिली.

"रविवारी कळसूबाई —"

"आधी कार्डिओग्राम काढून आणा. रविवारी नाही म्हणजे नाही."

मग मी विचारलं, माझ्या मागे एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस होता, तो घेरी येऊन बसला, त्याचं काय? त्यांनी त्याच्याबद्दल बरंच विचारलं. त्या दिवशी गुणाजी उपाशीपोटी आला होता, हे मला तेव्हाच आठवलं. "उपाशी, आणि दुसऱ्याच्या घाईनं चढला. त्याला घेऊन या, तपासते. पण तुम्ही सांगता त्यावरून मला तो तुमच्यापेक्षा धड वाटतो."

दवाखान्याबाहेर बाकावर बराच वेळ बसलो होतो. बसायची लाज वाटली नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

कुंदाताईंनी तुला बोलावलंय, एवढंच गुणाजीला सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही. तो आला. बाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, त्याला जिने चढायला लावले. पोटभर खाऊन, आपल्या चालीनं कळसूबाईला जा म्हणाल्या.

परत येताना तो म्हणाला, "आता काय उपयोग? शामकांतान नाव काढल्यान." चेहरा मात्र उजळला होता. तेव्हाच सांगायचं होतं. दुधाच्या केंद्रापाशी आम्ही दोघेच होतो. मी दुधाच्या भावाचं बोलत राहिलो.

गुरुवार, ४ डिसेंबर

कार्डिओग्राम काढून आणला. बाईंनी कागद दोनदा पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे.

मालननं खिशातली चिठ्ठी पाहिली. तिला सगळं सांगितलं — छातीचं, गुणाजीचं. वाटलं, रडेल. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

"दहा दिवस बघतेय. देवापुढे बसता आणि ओठ हलत नाहीत. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"तुझं नाही गं."

"मग मला कशाला सांगताय? ज्याला सांगायचं त्याला सांगा. तिकडे तो माणूस टोपी देऊन बसलाय."

शुक्रवार, ५ डिसेंबर

कामावरून येऊन आधी गुणाजीला घेतलं आणि दोघे श्यामकांतकडे गेलो. उभ्यानंच सांगितलं. छातीत आवळतं ते, नाम तोडलं ते, पाय भराभर उचलले ते, आणि गप्प राहिलो तेही.

गुणाजी माझ्याकडे न बघता म्हणाला, "बारा दिस तू माका म्हातारो केलंस." मग श्यामकांतला विचारलं, उद्या किती वाजता निघायचं, आणि पुढे कोण.

श्यामकांतनं यादीचा कागद काढला. पेन मी मागून घेतलं. माझं नाव खोडलं आणि पहिल्या जागी गुणाजीचं लिहिलं.