डेक्लनचा गुडघा आणि हॅमर्सचा हंगाम

प्रिय लेनर्ड,

पत्राच्या सुरुवातीला प्रिय लिहितात म्हणून लिहिलं. फार अर्थ काढू नकोस.

परवा सकाळी रेडिओवर तुझ्या कार्यक्रमात तुझं भाकीत ऐकलं. आपल्या शहराचा फुटबॉल संघ, आपले हॅमर्स, यंदा सतरापैकी अकरा सामने जिंकणार म्हणालास. मी बटाटे सोलत होते, हातातली सुरी खाली ठेवली. अकरा? चार जिंकले तरी मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावीन. तुझा तो नवा क्वार्टरबॅक, ज्याचं तू नवऱ्या मुलासारखं कौतुक करतोस, त्याला याआधी दोन संघांनी हाकललंय. चेंडू पुढे फेकायचा सोडून हातात घेऊन उभा राहतो, जणू बसची वाट बघतोय. दोन सराव सामन्यांत सात वेळा आडवा झाला. कोच असा, की शेजारच्या आजीलाही आधीच कळतं हा आता काय करणार. आणि मालकानं उत्तरेकडचे बाक उपटून काचेच्या खोल्या बांधल्यात. आत लोक मैदानाकडे पाठ करून कोळंबी खातात. त्याच बाकांवर बाबा आपल्याला डिसेंबरात बुटांत वर्तमानपत्रं कोंबून बसवायचे. तू तेव्हाही सामनाभर बडबडत असायचास.

पण या वर्षी संघ बुडणार तो डाव्या बाजूनं. क्वार्टरबॅकच्या पुढे जी पाच धिप्पाड माणसांची भिंत असते, तिच्यात डावीकडे आता भगदाड आहे. तिथे माझा डेक्लन उभा राहणार होता. हे तू रेडिओवर सांगितलं नाहीस.

कॉलेज संपल्यावर त्याला एकाही संघानं निवडलं नाही. चार वर्षं दिवसा लोकांची कपाटं-सोफे वाहिले आणि संध्याकाळी व्यायामशाळेत घाम गाळला. गेल्या वर्षी हॅमर्सनं नुसतं सरावापुरतं घेतलं. यंदा जुलैत फोन आला, "आई, फळ्यावर माझं नाव लिहिलंय. पहिल्या पाचांत." मी रडले, तोही रडला असावा, पण नाक ओढत म्हणाला, सर्दी झालीय.

जुलैच्या शेवटच्या रविवारी माझ्या अंगणात जेवण होतं. तू तीन ताटं भरून भाजलेल्या बरगड्या खाल्ल्यास आणि मग मोरीपाशी मला भांडी पुसू लागायला आलास. तिथे मी तुला सांगितलं, "डेक्लनचा उजवा गुडघा फार दुखतो रे. संघात कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्यापाशीच ठेव." तू म्हणालास, "बर्नी, मला काय वेड लागलंय?" नऊ दिवसांनी तुझा आवाज सगळ्या शहरात, "डाव्या बाजूला डेक्लन मॅलोयवर विसंबू नका, मंडळी. पोराचा गुडघा गेलाय. खबर घरातली आहे." आणि हसलास. ते हसणं मी विसरलेले नाही.

त्याच दुपारी संघाच्या डॉक्टरनं त्याला बोलावलं, गुडघ्याचे एक्स-रे काढले. दुखणं लपवलं म्हणून दुसऱ्या दिवशी नाव पुसलं. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत सामान घेऊन तो माझ्या दारात आला आणि एवढंच म्हणाला, "मामानं विकलं मला. चार लोक हसावेत म्हणून." डॉक्टर त्याला म्हणाला होता की गुडघ्यात कूर्चा उरलेलीच नाही, आणखी एक हंगाम खेळलास तर चाळिशीत काठी लागेल. हे मात्र त्यानं मला आठवडाभरानं सांगितलं, तेही चिडून.

त्यानंतर घरात तुझं नाव निघत नाही. पेगमावशीनं तिच्या भिंतीवरचा तुझा फोटो उतरवला. माझ्या साठीला तुला बोलावलं नाही. तुझी बायको चर्चच्या पायऱ्यांवर थांबली होती, मी तोंड फिरवून पुढे गेले. दोनदा तुझा फोन आला, दोन्हीदा आपटला. शाळेच्या पोरांना खेळ शिकवायचं काम डेक्लनकडे चालून आलं होतं, त्यानं नाकारलं. दिवसभर त्याच्या खोलीवर पडदे ओढून बसतो आणि म्हणतो, मामा दिसला तर जबडा फोडीन. तो फोडेल, लेनर्ड.

आता ऐक. जूनमध्ये मी त्याला जिना उलट्या पावलांनी उतरताना पाहिलं, दोन्ही हातांनी कठडा धरून. बाबा शेवटच्या वर्षांत तसे उतरायचे. मी हात जोडले, डॉक्टरला दाखव म्हणाले. तो म्हणाला, "हे एक वर्ष, आई. तू संघात कुणाला बोललीस तर मी तुझा मुलगा नाही." मग माझ्याच्यानं बोलवेना. आणि मोरीपाशी तू आलास. सत्तावन्न वर्षं मी तुझं तोंड ओळखते. नर्सिंगचं शिक्षण सोडायचं ठरवलं तेव्हा फक्त तुला सांगितलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं. 'तुझ्यापाशीच ठेव' म्हणाले ते मुद्दाम म्हणाले. तू ठेवणार नाहीस, याची खात्री होती म्हणूनच सांगितलं. आणि मग महिनाभर सगळ्यांबरोबर तुझ्यावर थुंकले. तू केलंस ते नीचपणाचंच होतं, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण ते मी तुझ्याकडून करवून घेतलं. रविवारी पहिला सामना आहे. डेक्लन दुपारी बाराला जेवायला येतोय आणि मी त्याला हे सगळं सांगणार आहे. ऐन वेळी कच खाऊ नये म्हणून आधी तुला लिहून मोकळी होतेय. तो ताटावरून उठून जाईल. कदाचित परत येणारच नाही. तूही ये. माझ्या शेजारी बस, आणि मी बोलून संपेपर्यंत तोंड उघडू नकोस.

तुझीच, नाइलाजानं,
बर्नाडेट