ओल्या चादरीने मोडलेलं मनगट

ताईस मधलीचा नमस्कार.

अक्षर वाकडं दिसलं तरी घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. लॉन्ड्रीत ओली चादर पिळताना उजवं मनगट मोडलं. जेवणखाण वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेल्यापासून हाडं ठिसूळ होत गेलीत. ‘घरात आणखी कुणाला आहे का?’ त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हणाले.

मग तुझ्या लेकीने फोनवर सांगितलं, तू तीन वर्षं हाडांच्या गोळ्या घेतेयस. खुबा मोडला तेव्हा आम्हाला नुसतं ‘घसरले’ म्हणालीस. माझी पाळी गेली तेव्हा ‘सुटलीस एकदाची’ म्हणून हसलीस.

आता धाकटीची जाईल. तिला सांगणार नसशील तर कळव. माझा डावा हात आता सरावलाय.

तुझीच, अजून तरी,
मधली