चौकाच्या मधोमध आपलं घर

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? लेकाकडे हवा मानवते ना? सूनबाई बोलते ते मनावर घेऊ नकोस, तीही तुझं घेत नाही.

इकडे माझं मात्र टाळकं सटकलंय. त्या वेगवान गाडीचं स्टेशन येतंय ना, त्याच्याभोवती आता नवं शहर वसवणार आहेत. जुन्या शहरात नळाला करंगळीएवढी धार, आणि हे नव्यात कारंजी उडवणार! त्या नकाशात आपली गल्ली गेली आणि आपल्या घराच्या जागी आला चौक. चौकात काय, तर बाक. तुझा जन्म झाला त्या खोलीत परक्यांनी गाडीची वाट बघत बसायचं. गाडी मिनिटाचाही उशीर करणार नाही म्हणतात, मग मेले वाट कुणाची बघणार? मी अर्जांवर अर्ज केले, तू त्या अधिकाऱ्यासमोर पदर डोळ्याला लावलास, पण त्याच्या लेखी आपलं घर म्हणजे ‘अडथळा’. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

त्यात प्रदर्शनासाठी या सगळ्याचं लाकडी मॉडेल करायचं काम माझ्याकडेच आलं. (शत्रूचं काम घेतलंसच कशाला, असं तू म्हणशील. अगं, पोटाला शत्रू-मित्र कळत नाही.) झाडं म्हणून रंगवलेले स्पंजचे तुकडे चिकटवायचे होते. कसली झाडं, असं विचारलं, तर अधिकारी म्हणाला, “हिरवी.” अशी माणसं शहरं वसवतात! आता माझी मापं घ्यायची रीत तुला ठाऊक आहे: आधी आपलं घर मांडायचं आणि उरलेलं जग त्याच्या डाव्या-उजव्या हाताला लावत जायचं. शाळेत असल्यापासून मला दुसरी दिशाच कळत नाही. तसं ते घर आधी चिकटवलं, त्यावरून स्टेशन, रस्ते, मनोरे बेतले. शेवटी ते काढून तिथे बाक ठेवणार होतो. पण सरस नको इतका चांगला निघाला. घर काही निघेना आणि बाहेर टेम्पो येऊन उभा.

उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. हे काय, म्हणाले. अधिकाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण चूक कबूल करील तर तो अधिकारी कसला? म्हणाला, “साहेब, तो वारसा आहे. मुद्दाम जपलाय.” टाळ्या! दुसऱ्या दिवशी आपल्या दारावर ‘संरक्षित वास्तू’ अशी पाटी ठोकून गेले, तीही वाकडी. घर वाचलं, आत्या. पण मला राग याचा येतो की ते तुझ्या अश्रूंनी वाचलं नाही, माझ्या अर्जांनी नाही, एका माणसाला चारचौघांत तोंडघशी पडायचं नव्हतं म्हणून वाचलं. असल्या लोकांच्या हाती आपली घरं!

असो. तू निश्चिंत राहा, औषध वेळेवर घे. मुलांना आशीर्वाद.

तुझा भाचा

ता. क. : मनोऱ्यांसाठी लाकूड राखून ठेवायचं होतं, त्यामुळे मॉडेलात आपलं घर एकमजलीच झालंय. पुढच्या आठवड्यात समिती मॉडेलशी घर ताडून बघायला येणार आहे. मॉडेल बदलता येत नाही, ते मंत्र्यांनी पाहिलंय. तेव्हा वरचा मजला उतरवणं आलं. तो तुझ्या नावावर आहे, म्हणून सोबतच्या कागदावर सही करून पाठव. तुझ्या गुडघ्यांना जिना तसाही सोसत नव्हता.

आणखी एक ता. क. : खालचं माझं वर्कशॉप मॉडेलात हुबेहूब आलंय, नावाच्या पाटीसकट. निव्वळ योगायोग. सहीची घाई नाही, सवडीनं कर. छप्पर कालच उतरवून झालं.