राज्यपाल कोण नेमतो

आबा, तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली आणि मी आत्ता कुठं भांडायला बसलेय. बोलतेय मी, लिहितेय नात. अक्षरांची आणि माझी अजून ओळख नाही. नात बारावीला आहे, राज्यशास्त्र घेतलंय. आज सकाळी ती मोठ्यानं वाचत होती आणि भाजी निवडता निवडता पुढचं वाक्य मीच बोलून गेले. ती बघतच राहिली. तिला काय सांगू, हे पाठांतर गडमुडशिंगीच्या गोठ्यातलं आहे.

संस्थान जाऊन चार-दोन वर्षंच झालेली. दादा मॅट्रिकला, रोज सायकल मारत कोल्हापूरला जायचा. नव्या राज्यघटनेचं नागरिकशास्त्र काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हशीची धार काढतेय, तो पोत्यावर बसून ओरडत पाठ करतोय. मी एकदा ऐकलं की ध्यानात राहायचं. त्याचं सायकलीच्या वाऱ्यानं उडून जायचं. मग पुस्तक कोण उघडतंय? "ए, संसदेची सभागृहं किती गं?" की म्हशीमागनं उत्तर तयार.

एकदा त्याचे मास्तर घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी दादाला चार प्रश्न विचारले, तो छपराकडं बघत बसला. चुलीपुढनं चारी उत्तरं मी दिली. मास्तर म्हणाले, "अहो, हिला शाळेत घाला की!" तुम्ही हसलात. "पोपट बी बोलतोय, मास्तर. त्येला काय कुणी पाटी देतंय व्हय?" सगळे हसले, मीही हसले. मास्तरांच्या चहात साखर जास्त घातली, तुमच्या चहात विसरले.

तरी दोन दिवसांनी मी पाटी मागितलीच. तुम्ही हुपरीला जाऊन चांदीचे पैंजण आणलेत. मायेनं आणलेत, ते कळत होतं, म्हणून तर जास्त राग आला. कायद्यापुढं सगळे सारखे, असं त्या पुस्तकात होतं. पुस्तक तुम्ही विकत घेतलेलं. ऐकलं मात्र मी आणि म्हशीनं. एकदा तरी विचारायचं होतंत, "तुला येतंय काय गं सगळं?"

परीक्षेच्या सकाळी सायकलवर टांग टाकता टाकता दादानं विचारलं, "राज्यपाल कोण नेमतो गं?" राष्ट्रपती नेमतात, मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "लोकं निवडून देत्यात." आजही वाटतं, माझंच उत्तर बरं होतं. पण तपासणाऱ्याला पुस्तकातलं हवं असणार.

दादा त्याच विषयात नापास झाला. त्या एका उत्तरानं की आणखी दहांनी, देव जाणे. तुम्ही त्याला नांगराला जुंपलंत आणि "ह्येच्या टकुऱ्यात माती हाय" म्हणत राहिलात, मरेपर्यंत. मी पैंजण वाजवत शेतावर भाकरी न्यायची; तो मान खाली घालून खायचा. तुमच्यापुढं माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही.

इथं नात थांबली. "आज्जी, हे पण लिहू?" म्हटलं, लिही. आता हे पत्र पैंजणांच्या डबीत ठेवायला सांगितलंय, पत्ता कुठला घालणार? तिनं लिहिलंय असं ती म्हणते. खरंच हेच लिहिलंय की दुसरं काही, मला कळायला मार्ग नाही. दादाही असाच विश्वास टाकून सायकलवर बसला होता.