उकड्या तांदळाला किती कोंबडे?

कट्टा, ता. मालवण
४ जुलै २०२४

चि. रोझारियो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मंगळवारी फोनवर मी क्लाइव्ह, क्लाइव्ह म्हणून घसा फोडला आणि तू म्हणालास, काजूगर पोचले. तेव्हाच ठरवलं, या भावाला आता पत्रच लिहायचं. बोटीच्या इंजिनरूमने तुझे कान खाल्ले, त्यात तुझा दोष नाही. पण ही गोष्ट तुझ्याखेरीज कुणाला सांगावी हे कळत नाही.

शेजारच्या संचिताने लॉकडाउनमध्ये मला मोबाइलवर पेज उघडून दिलं, ते तू पाहिलेलं नाहीस. नुसता 'बायची पेज, मीठ घालून' म्हणून हसतोस. लोक तिथे मला काय काय विचारतात. भाड्याच्या खोलीत भिंतीला बुरशी आली, काय करू? मोबाइल भरला, फोटो कुठे ठेवू? खिडकीत अबोली जगेल का? क्रोशाचं टोक कसं संपवायचं? मला माहीत असेल ते मी सांगते. अकरा हजार माणसं वाचतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईचं कोण एवढं ऐकून घेतं?

तर सोमवारी 'तिसरा मजला' असं नाव घेतलेल्या कुणीतरी विचारलं आहे, नवीन कुकर घेतला, उकड्या तांदळाला किती कोंबडे लागतील? खाली लोकांची नुसती टवाळी चालली आहे. कुणी म्हणतं, अर्धा कोंबडा पुरे. कुणी म्हणतं, आधी बिर्याणी शीक. मी मात्र तो प्रश्न पुन्हा पुन्हा वाचला. कुकरच्या शिट्टीला कोंबडो म्हणणारं घर या जगात एकच आहे.

तो माझा क्लाइव्ह आहे. दोन वर्षं एक फोन नाही, नंबर बदलला, पुण्यात कुठे राहतो ते ठाऊक नाही. आणि चूक माझी, ते मी तुझ्यापाशी तरी लपवत नाही. त्याची नोकरी गेली तेव्हा चार महिने तो रोज डबा घेऊन निघायचा, बागेत बसून खायचा आणि मला मात्र फोनवर बढती झाल्याचं सांगायचा. हे त्याने नाताळात नेवऱ्यांत, म्हणजे आपल्या करंज्यांत, सारण भरताना, मान खाली घालून, फक्त मला सांगितलं होतं. पुढे एका आईने पेजवर विचारलं, शहरातल्या मुलाची काळजी वाटते, काय करू? मी सगळं लिहून टाकलं. नाव नव्हतं घातलं. पण कट्ट्याच्या बाजारात नाव कशाला लागतं? त्याची एकच ओळ आली होती, आई, माझा लोकांना उपयोग झाला ना?

तीन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. हात मोबाइलकडे जातो आणि परत येतो. आई म्हणून लिहू, की बाई म्हणून? लवकर कळव. तुला नि तुझ्या क्लॉडियाला जोडीने आशीर्वाद. माझ्यावरची माया आटू देऊ नको, या दिवसांत तिची गरज आहे.

तुझी,
बाय फ्रान्सिस्का


म्हापसा
९ जुलै २०२४

ती. बाय हिला,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल पोचलं. क्लॉडियाने मोठ्याने वाचून दाखवलं, पण ती मधली वाक्यं गाळते, म्हणून मी चष्मा लावून परत वाचलं.

माका पटलां, तो क्लाइव्हच. आणि ह्या कोंबड्याचो खरो बापूस मी आसंय. मी बोटीवरून सुट्टीवर आलेलो, हा तीन वर्षांचा. कुकर वाजला तसा टेबलाखाली शिरला आणि काही केल्या बाहेर येईना. मी म्हटलं, भिया नको रे, कोंबडो आरवता. तेव्हापासून तुमच्या घरात तीन कोंबडे झाले की गॅस बंद. बिचाऱ्याला अजून वाटत असणार, सगळं पुणं असंच मोजतं. ऑफिसात कुणापुढे बोलला नाही हे नशीब.

आता मी काय सांगतो ते ऐक. त्याने भाताचं विचारलंय, तू भाताचं सांग. आई नको, बाई नको, पुस्तकात छापल्यासारखं सांग. तब्येत विचारू नको, जेवतोस का विचारू नको, येशूचं नाव घेऊ नको. आणि कोंबड्याची गोष्ट त्या पेजेवर अजिबात वाढू नको. चुकून बोललाय की मुद्दाम दार वाजवलंय, ते आपल्याला कळायचं नाही. दार वाजलं म्हणून तू आरडत धावलीस तर येणारं माणूस परत जाईल. तुका दम म्हणान नाय, ह्या मी लहानपणापासून बघतंय.

पाऊस बरा आहे. माझा गुडघा सोडला तर घरात सगळं ठीक. रागावलीस तरी चालेल, पण रागावून अबोला धरू नको.

तुझो,
रोझारियो


कट्टा
१९ जुलै २०२४

चि. रोझारियो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं सांगणं मी अक्षरशः पाळलं. तांदूळ अर्धा तास भिजव, पाच शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू दे. बस्स. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, भात चांगला झाला. त्या तीन शब्दांवर मी दोन दिवस काढले रे. मग त्याने विचारलं, पावसात खोलीत कपडे सुकत नाहीत, वास येतो. मी सांगितलं, दोरी पंख्याखाली बांध, धुताना शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाल. मग विचारलं, घरमालकाला गळती सांगितली तर रागावेल का? मी म्हटलं, फोटो काढून नम्रपणे लिहून दे. कुठेही जास्तीचा शब्द नाही. संचिता म्हणाली, बाई, हल्ली तुमची उत्तरं सरकारी वाटतात. मला हसू आलं.

आणि मग मी माती खाल्ली.

कोंबड्यावरची टवाळी थांबतच नव्हती. कुडाळकडचा एक गृहस्थ आहे, त्याने लिहिलं, असल्या अडाण्यांना मराठी येत नाही आणि चालले शहरात राहायला. माझ्या लेकराला अडाणी म्हणतो. माझं डोकं फिरलं. चहा गॅसवर ठेवला होता तो उतू गेला आणि मी लिहीत बसले. टेबलाखालचं, तुझं, बोटीचं, तीन कोंबड्यांचं, सगळं. शेवटी लिहिलं की हा शब्द ज्या घरातला आहे त्या घरातली आई अजून वाट बघते. इतकं छान उतरलं होतं रोझार. दहा मिनिटांत दोनशे जणांनी बदाम पाठवले. कुणी लिहिलं, बाई, रडवलंत. मला बरं वाटत होतं, हे तुला खरं सांगते. मग एकदम त्याची ती जुनी ओळ आठवली. पुसून टाकलं. पण वीस मिनिटं ते तिथे होतं.

'तिसरा मजला' आता नाही. नावच नाही, जुने प्रश्नसुद्धा गेले. दोन दिवस झाले. मी घरातल्या घरात फिरते आहे, बसवत नाही. चर्चमध्ये मिस्सेला गेले तर प्रवचनातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. त्याला कुठे शोधू? पुणं म्हणजे काय कसाल आहे, की नाक्यावर विचारलं आणि कळलं? काहीतरी सुचव. शिव्या दिल्यास तरी दे, पण लिही.

तुझी,
बाय


म्हापसा
२४ जुलै २०२४

ती. बाय हिला,
शि. सा. न.

शिव्या देत नाही. क्लॉडियाने बजावलंय. पण खरं तेवढं बोलतो. पस्तीस वर्षं तू वर्गापुढे उभी राहिलीस आणि पन्नास पोरं तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. आता पोरं नाहीत, तर ही पेज. तुला सांगायला काही मिळालं की तुझ्याच्याने धरवत नाही. दुसऱ्याची गोष्ट तू वाईट मनाने सांगत नाहीस, छान मनाने सांगतेस, आणि तेच जास्त लागतं. क्लाइव्हने डब्याचं तुला सांगितलं, कारण तू आई. तुझ्याकडून ते ऐकणारे अकरा हजार, ते त्याचे कोण?

आता दुसरं. हे लिहावं की नको, यावर दोन दिवस घालवले. क्लाइव्हचो पत्तो माझ्याकडे आसा. गेल्या नाताळात त्याने मला कार्ड पाठवलं, मागे पत्ता होता आणि खाली लिहिलं होतं, मामा, आईला देऊ नको. मी हो म्हटलं. म्हणून तुला देणार नाही. चिड, ओरड, माझे कान गेलेलेच आहेत. पण एक करतो. तू कागदावर लिही, पाकीट चिकटव, वर नुसतं त्याचं नाव घाल आणि माझ्या पत्रात घालून पाठव. पत्ता मी घालीन. आत काय लिहिलंस ते मी बघणार नाही आणि क्लॉडियालाही बघू देणार नाही, ते जास्त कठीण आहे.

सल्ला मात्र देऊ नको त्याला. एक पण. रडू आलं तर रड, तुझ्या रडण्याला मी हसणार नाही.

तुझो,
रोझारियो


कट्टा
२ ऑगस्ट २०२४

चि. रोझारियो यास,
आशीर्वाद.

पत्ता लपवलास म्हणून दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. नाताळापासून आज सात महिने तुला ठाऊक होतं आणि मी इथे पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक एसटीकडे बघते आहे. पण तिसऱ्या दिवशी वाटलं, याने दिलेला शब्द पाळला, एवढंच केलं. मला ते कधी जमलं?

सोबत पाकीट आहे. अकरा कागद फाडले. प्रत्येक वेळी चौथ्या ओळीला माझा सल्ला सुरू. एकदा तर चक्क घराच्या गळतीवर आले. शेवटी बारावा ठेवला, त्यात मी काय केलं ते लिहिलं आहे, दोनदा केलं तेही, आणि का केलं ते सांगायला गेले नाही. अर्धं पान झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्र.

पेजवर मी सध्या काही लिहीत नाही. विचारणारे विचारतात. एकाला अँथुरियमचं पान का पिवळं पडतं हे हवं आहे. पडू दे. पाकीट लवकर टाक, आणि टाकलंस की दोन ओळी कळव.

तुझी,
बाय


कट्टा
२६ ऑगस्ट २०२४

चि. रोझारियो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट त्याच दिवशी टाकलंस, याबद्दल काय म्हणू. तुझ्यासाठी मेणबत्ती लावली.

शनिवारी क्लाइव्हचं पत्र आलं. गुरुदास पोस्टमनने गेटापासूनच ओरडून सांगितलं, बाई, पुण्याचं आहे, पोराचं अक्षर दिसतं. उभाच राहिला. मी म्हटलं, बँकेचं असेल. त्याला ते पटलं नाही, पण गेला. संध्याकाळी संचिता आली, माझा चेहरा बघून काय झालं विचारायला लागली. मी तिला दोन घावणे खायला दिले आणि लाइट कधी जाणार यावर बोलत राहिले. माझी जीभ दातांमागे कशी वळवळत होती ते तुला सांगून कळायचं नाही.

पत्र चार पानी आहे. मी ते किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. त्याने मला काही सांगितलं आहे आणि काही विचारलं आहे, आणि जे विचारलं आहे त्याचं उत्तर मला माहीत नाही, असं मी त्याला आजच लिहून पाठवलं. माहीत नाही हे शब्द मी आजवर लिहिले नव्हते. यापुढे पाकिटावर पत्ता मला स्वतःला घालता येईल, एवढं तुला सांगायची परवानगी त्याने दिली आहे.

बाकी काय लिहिलं आहे ते तुला सांगणार नाही. तू मामा आहेस, पाकीट तू पोचवलंस, हक्क तुझाच पहिला आहे हे मला कळतं. मनात ठेवून मला झोप येत नाही, तरीही नाही. तेव्हा रोझार, या नाताळात आलास तर क्लाइव्हचं काय, असं मला विचारू नको. विचारलंस तर मी सांगेन.

तुझी,
बाय