मॉरिस गाडी व अण्णा यांची माझ्या पश्चात व्यवस्था

मी, पद्मजा चिंतामणी आठल्ये, निवृत्त शिक्षिका, राहणार अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातली गाठ काढण्याजोगी राहिलेली नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकू शकणारा एकच माणूस होता. तो एक्क्याण्णव सालापासून खुर्चीत आहे.

१. तो माणूस म्हणजे माझे पती चिंतामणी, घरात अण्णा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अधिकारी होते. पक्षाघाताने हातपाय आणि वाचा गेली. समज पूर्ण आहे, हे वाचणाऱ्याने विसरू नये.

२. तळमजल्यावरचा राहता ब्लॉक माझ्या पगारातून घेतलेला व माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो मी सून उमा हिला देते. मुलगा गुरुदत्त याला त्याचे वडील देते. त्यांना भरवणे, पुसणे, कपडे बदलणे हे तो स्वतः करील तोवर त्याने त्या ब्लॉकमध्ये राहावे. बाई ठेवू नये. मी तापाने फणफणत असताना तो म्हणाला होता, "आई, तुला सवय आहे." आता त्याला होईल.

३. मॉरिस मायनर गाडी. कचेरीच्या कुठल्याशा नियमातून सुटण्यासाठी अण्णांनी ती माझ्या नावावर घेतली, म्हणून कायद्याने ती माझीच. तिच्या स्टिअरिंगला हात लावण्याची मला परवानगी नव्हती. पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी दारात उभी होती. अण्णा म्हणाले, "सीट खराब होईल. टांगा आणतो." टांगा उल्हासनगरच्या रस्त्याला लागला आणि मागून अण्णा रिकामी गाडी घेऊन आले, सावकाश, घोडा बुजू नये म्हणून हॉर्न न वाजवता. मुलगी टांग्यातच झाली. रडली नाही.

अण्णा खुर्चीत बसल्यावर मी बदलापूरला क्लास लावून गाडी शिकले. पुढे पीयूसी सक्तीचे झाले. मॉरिस तपासणीत नापास झाली, मागून काळा धूर. गुरुदत्त म्हणाला, "भंगारात देऊन टाक." मी अण्णांची खुर्ची अंगणात गाडीपुढे नेली आणि बॉनेट उघडले.

"हे इंजिन तुम्ही कसे सेट करायचात ते मला शिकवा," मी म्हटले. "मी विचारीन. हो असेल तर डोळे मिटा."

ते शेजारच्या भिंतीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी उल्हासनगरहून भंगारवाला बोलावला. त्याने मडगार्डवर बोटे वाजवली आणि म्हणाला, "पत्रा अच्छा है. बाकी कुछ नहीं." अण्णांनी डोळे मिटले. उघडले, पुन्हा मिटले. मी भंगारवाल्याला चहा देऊन परत पाठवले.

त्यानंतर पंधरवडाभर आमचा संसार नीट चालला. मी प्लग काढून काजळी खरवडली, एअर फिल्टर धुतला, पॉइंट घासले. कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवून विचारायचे, "पेट्रोल अजून जास्त जाते?" इंजिन ऐकून ते डोळे मिटायचे. मी पुन्हा फिरवायचे. एका सकाळी आवाज एकसारखा झाला आणि धूर दिसेनासा झाला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आले. आनंदाचे होते. मी पुसले नाही.

उल्हासनगरच्या सिंधी पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, काटा पाहिला, पुन्हा पाहिला. "माई, पास है. इतनी पुरानी गाडी किसने सेट की?"

"घर में मिस्त्री है," मी म्हटले.

तिथून मी गाडी शिरगावला नेली. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या अंजनाच्या आवारात ती ठेवली आणि रिक्षाने घरी आले. अण्णा फाटकाकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर बसून सांगितले, "नापास झाली. तिथेच भंगारात दिली. गॅसकटर लावला तेव्हा मी थांबले नाही." त्यांच्या घशातून एक आवाज आला. पक्षाघातानंतर आलेला तो पहिलाच. मग मी त्यांना दूधभात भरवला.

तेव्हापासून दर गुरुवारी मी आणि उमा शिरगावहून गाडी काढतो. उमा आता माझ्यापेक्षा चांगली चालवते. गुरुदत्तला हे आज, इथे वाचून कळेल. गाडी व अण्णांची पान्यांची पेटी मी उमाला देते.

४. गाडी शाबूत आहे हे अण्णांना कोणीही सांगू नये. गुरुदत्तने सांगितले तर त्याने त्याच दिवशी ब्लॉक सोडावा, वडिलांना घेऊन. उमावर ही अट घालत नाही. तिने एकदा विचारले होते, "माई, आता तरी सांगा ना त्यांना. रोज फाटकाकडे बघतात." मी म्हटले, "ती जगली असती तर तुझ्याहून मोठी असती." उमाने पुन्हा विषय काढला नाही.

५. हे मृत्युपत्र मी घरी लिहिले नाही. घरी लिहिले असते तर अण्णांना वाचून दाखवण्याचा मोह आवरला नसता.

ठिकाण : शिरगाव, बदलापूर पूर्व
तारीख : ११ नोव्हेंबर १९९६

(सही) पद्मजा चिंतामणी आठल्ये

आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार :
(सही) अंजना विनायक गुप्ते
(सही) अनंता बुधाजी म्हात्रे