बुलबुलाची शेपटी

प्रिय ठमे,

फोन तीनदा हातात घेतला आणि तसाच ठेवला. तोंडाने जमत नाही ते कागदावर जमतंय का बघतो. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. मत्स्यालयात तुझ्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही.

प्राणी कसे झोपतात, तो मत्स्यालयातला फलक आठवतो ना? गाणारं पाखरू आणि शार्क, यांची कसली तुलना करतेस म्हणून मी तुझी टिंगल केली होती. तू मात्र तीन ओळींत काम फत्ते केलंस. बुलबुल फांदी घट्ट धरून झोपतो. पुष्कळ शार्क पोहायचे थांबले की गुदमरतात. या टाकीतला नर्स शार्क मात्र तळाशी पडून खुशाल श्वास घेतो. मी रंगवायला बसलो आणि बुलबुलाच्या शेपटीत असा रमलो, की तिसऱ्या ओळीला जागाच उरली नाही. दोन ओळींत भागतंय म्हटलं आणि ती गाळली. तुला विचारलंसुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी सहलीला आलेल्या एका मुलीने फलक वाचला, काचेपलीकडे निपचित पडलेला शार्क पाहिला आणि तो मेला म्हणून भोकाड पसरलं. पाठोपाठ अख्खा वर्ग. साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं. तुझा तीन ओळींचा कागद तेव्हा माझ्या खिशातच होता, आणि मी म्हणालो, “लिहून दिलं तेच रंगवलं.” तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, “दादा नाही चुकायचा. माझंच राहिलं असेल.” मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी गप्प बसलो. वीस वर्षांत माझ्या फलकाला कुणी नावं ठेवली नव्हती, ती ऐट मला बहिणीपेक्षा मोठी वाटली. तुझी नोकरी गेली, आणि सामान बांधायला मीच आलो होतो. लाज वाटते गं.

काल आई म्हणाली, शाळेतली विज्ञानाची नोकरी तू नाकारणार आहेस. आपण लिहितो ते बरोबर की चूक, याचा तुला भरवसा राहिला नाही म्हणे. आज सकाळी तुझा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. माझं काय करायचं ते ते ठरवतील. पण शाळेला नाही म्हणू नकोस, महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तू चुकली नव्हतीस, ठमे. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

तुझाच,
दादा